पिवळ्यावर मार

आधी बामाकाकीचं नाव घेते. बाकीच्यांचं मागून. काहींचं घेणारच नाही.

बामाकाकी म्हणजे माझी घरमालकीण. बंदराजवळ जासईत तिच्या घरामागं पत्र्याच्या दोन खोल्या आहेत, त्यातल्या एकीत मी भाड्यानं राहते. माझं गाव हिंगोलीकडं. इथं रक्ताचं कुणी नाही. एक मामा होता कळंबोलीला, ट्रेलर चालवायचा, त्यानंच मला इकडं आणलं. तोही पाठदुखीनं गावी परत गेला. उरली काकी. या काकीनं माझी पँट हातानं टाके घालून कमरेत बारीक करून दिली. ती पँट घालून मी ऑफिसच्या लोकांबरोबर गोल्फला गेले होते.

हसा. त्या दिवशीही सगळे हसलेच.

मी गवताच्या मधोमध एकटी उभी होते. एवढं हिरवं गवत, पण त्यावर एक शेळी नाही की गुरं नाहीत. अंगात नवा टीशर्ट, काकीनं बारीक केलेली पँट, आणि त्यावर यार्डातलं पिवळं जॅकेट, चकाकणाऱ्या पट्ट्यांचं. लांबवर ऑफिसची माणसं घोळक्यानं उभी. त्यातून आमच्या मॅनेजर साहेबांचा आवाज आला, स्वतःलाच ओरडून सांगितल्यासारखा.

"पिवळ्यावर मार!"

टक् असा आवाज झाला. मग काहीच नाही. मग माझ्या पायापाशी गवतात धप्पकन काहीतरी पडलं आणि उसळून मागं गेलं. मी दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसले होते. कधी बसले ते मलाच कळलं नाही. तिकडून टाळ्या आल्या. टाळ्या बॉलला होत्या. हसणं मला होतं.

आता पहिल्यापासून सांगते.

माझी शाळा नववीत सुटली. सुटली म्हणजे काय, ड्रेसवरून सुटली. आठवीपर्यंत शाळेतूनच कपडे मिळायचे. नववीला तालुक्याच्या हायस्कुलात गेले तर तिथं निळा कुडता, पांढरी सलवार, पांढरी ओढणी. घरातून उत्तर आलं, दिवाळीनंतर बघू. मी आठवीचाच स्कर्ट खाली उसवून, लांब करून घालून गेले. उसवलेल्या जागी जुन्या दुमडीची रेघ दिसत होती. बाईंनी प्रार्थनेच्या रांगेतून बाहेर काढलं. म्हणाल्या, "ही काय शाळा आहे का तमाशा? ड्रेस घालून ये, मग बस." सगळी शाळा त्या रेघेकडं बघत होती. मी दप्तर उचललं आणि घरी आले. परत गेले नाही. आईनं दोनतीनदा विचारलं, काहून जात नाहीस? मी म्हणाले, डोकं दुखतं. ते डोकं कायमचंच दुखलं.

पुढं मामानं इकडं आणलं. जासईजवळ कंटेनरची यार्डं आहेत, त्यातल्या एकात ऑफिसात चहाचे कप धुवायला लागले. जहाजातून उतरलेले कंटेनर आमच्याकडं येतात, एकावर एक रचतात, मग ट्रेलरवर चढवून बाहेर जातात. ते उचलणारं मशीन घराएवढं असतं. मागं घेताना त्याच्या ड्रायव्हरला माणूस नीट दिसत नाही. म्हणून आत पाय टाकायचा तर पिवळं जॅकेट, हेल्मेट आणि पुढं लोखंड घातलेले बूट. गेटवर उभं राहून हे बघणाऱ्या माणसाला मार्शल म्हणतात. माझ्या आधी तिथं एक दादा होता. एक दिवस चहाला म्हणून जॅकेट खुंटीला टांगून तो आत गेला. मागं येणाऱ्या मशीनला तो दिसलाच नाही. त्याचा पाय गुडघ्याखाली राहिला नाही. त्यानंतर त्या जागेवर कुणी यायला तयार होईना. तेव्हा मॅनेजर साहेब मला म्हणाले, "ए, तू उभी राहशील का?"

मी म्हणाले, "थँक्यू सर."

हा शब्द मी इथंच शिकले आणि मग तो तोंडाला चिकटलाच. पगार झाला, थँक्यू सर. सुट्टी नाही मिळाली, थँक्यू सर. साहेब कुणाहीसमोर सांगायचे, "हिला मी उचलली. कप धुवत होती." मी मान खाली घालून थँक्यू म्हणायचे. खोटं नाही सांगत, मनातूनच म्हणायचे. एवढ्या लांब, बिनशिक्षणाचं माणूस; कुणीतरी उभं केलं ना. ते काढून घेतील ही भीती मला रोज सकाळी अंगात जॅकेट घालताना असायची.

तर एक दिवस साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "आपले मोठे साहेब दिल्लीहून येतायत. रविवारी गोल्फ ठेवलंय, ऑफिसची सगळी टीम. तू पण ये. तुझ्या परमनंटचं त्यांच्याच सहीनं व्हायचंय. त्यांच्या डोळ्यासमोर आलीस तर बरं."

परमनंट. तीन वर्षं मी ठेकेदाराकडं आहे. ठेकेदार बदलला की मी उडणार. परमनंट झाले की आईला इकडं आणता येईल, एवढंच गणित माझं. मी बाहेर आले आणि पहिला प्रश्न पडला, घालायचं काय?

ऑफिसात स्नेहा मॅडम आहेत, माणसांचं सगळं त्याच बघतात. गोड बोलतात. त्यांना विचारलं, "मॅडम, तिथं काय घालून येऊ?"

"अगं, टेन्शन नको घेऊ. सिम्पल आहे. कॉलरवाला टीशर्ट, तो पँटीत खोचायचा. जीन्स नाही चालत. चपला नाहीत. आणि प्लीज, ड्रेस-ओढणी वगैरे नको हां, गेटवरच अडवतात."

गेटवरच अडवतात. हे मला समजलं. अडवणं मला समजतं, ते माझंच काम आहे.

मी जन्मात पँट घातली नव्हती. बायकांची मिळाली ती सगळी जीन्स, नाहीतर अंगाला चिकटणारी. शेवटी कळंबोलीला ड्रायव्हर लोकांच्या कपड्यांचं दुकान आहे, तिथून पुरुषाची खाकी पँट घेतली. दुकानदार म्हणाला, "मिस्टरांची कंबर किती?" मी काहीतरी सांगितलं. घरी घालून बघितली तर दोन्ही बाजूंनी हात जाईल एवढी ढगळ. मी खोलीत बसून रडायला लागले. पँटीसाठी नाही. मला तो स्कर्ट आठवला. ती उसवलेली रेघ आठवली.

काकी दारात आली. साठीच्या पुढची, पण कास्टा, म्हणजे कासोटा, मारलेलं आडवं पातळ अजून असं घट्ट की बघत राहावं.

"पोरी, कनाला रडतंस?"

मी सांगितलं.

"आन इकरं."

उंबऱ्यावर बसून तिनं सुईत दोरा ओवला, डोळे बारीक करून. मला पँट घालून उभं केलं, कमरेत चिमटीनं धरलं, टाचण्या लावल्या. तोंड चालूच.

"आमी मिठागरान कास्टा मारून उन्हान उबी रव्हाची. गुडग्यापरयंत पानी. तवा कोनी इचारला नाय का बाय, तुजं कपरं कसं हान. मीठ पायजे व्हता त्यांना. आता बॉल मारायला कपरं इचारतान?"

"काकी, तिथं नियमच आहे तसा."

"नियम." तिनं दात लावून दोरा तोडला. "तुज्या यार्डान पन नियम हाय. मना म्हायती हाय."

हे ती का म्हणाली ते सांगायला पाहिजे. आमचं यार्ड आहे ना, त्यात मागच्या अंगाला रिकामे कंटेनर रचतात, ती जागा काकीची. भाताचं शेत होतं. बांधावर जांभूळ होतं. जमीन गेली, पैसे आले, पैसे गेले, मुलगा दुबईला गेला. मी कप धुवत होते त्या काळात काकी एकदा यार्डाच्या गेटवर गेली होती. आपल्या शेताची जागा एकदा बघते म्हणाली. गेटवरच्या माणसानं वरखाली बघितलं आणि म्हणाला, "ओ मावशी, असल्या कपड्यात आत नाय सोडत. चला." अनवाणी होती, लुगड्यात होती. ती परत आली. त्यावर ती कधी रडली नाही. पण विसरलीही नाही.

रविवारी पँट अशी बसली जशी माझ्यासाठीच शिवलेली. पांढरा टीशर्ट खोचला. कॅनव्हासचे बूट घासून पांढरे केले. काकीनं मागंपुढं फिरवून बघितलं, म्हणाली, "इनिस्पेक्टर दिसतंस." मी हसले.

गोल्फच्या मैदानाच्या दारात एक माणूस उभा होता. त्यानं माझ्या कॉलरपासून बुटापर्यंत बघितलं आणि दार उघडलं. खरं सांगते, मला रडू आलं. पहिल्यांदाच कुठल्या तरी दारात माझ्या कपड्यात खोट निघाली नव्हती. मला वाटलं, आज बसायला मिळणार. त्या प्रार्थनेच्या रांगेत मला आत घेतलं असं वाटलं.

आत ऑफिसचे सगळे. पांढऱ्या टोप्या, हातमोजे. मोठे साहेब उंच, पिकल्या केसांचे. स्नेहा मॅडमनी मला बघितलं आणि त्यांचं तोंड पडलं.

"अगं, तू अशी आलीस?"

"मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं. कॉलर, पँट..."

"हो गं, ते आत यायला. पण फोटोत तू आमच्यासारखीच दिसशील ना! ओळखू कशी येणार?" त्यांनी पिशवी उघडली. पिशवीत यार्डातलं पिवळं जॅकेट होतं. "हे घाल वरून. ग्राऊंड स्टाफ पण आपल्या टीममध्ये आहे, असं दिसायला हवं. रिपोर्टमध्ये जातो हा फोटो."

मी घातलं. थँक्यू मॅडम म्हणाले आणि घातलं. ज्या जॅकेटात मी रोज वावरते, ते त्या दिवशी अंगाला लागत होतं.

फोटो झाला. मला मधोमध उभं केलं. मग मॅनेजर साहेबांनी मला पुढं ढकललं, खांद्याला धरून. मोठ्या साहेबांना म्हणाले, "सर, ये हमारी गेटवाली. कप धोती थी. मैंने उठाया." मग माझ्याकडं वळून, "सांग ना सरांना, किती शिकलीस?"

"आठवी."

"आणि आज बघ कुठं उभी आहेस! पँट घालून! नीट वळून दाखव की. कुठून आणलीस गं? नवऱ्याची आहे का? अरे हो, नवरा कुठाय हिला!"

हशा झाला. मोठे साहेब हसले नाहीत. घड्याळात बघितलं.

मग खेळ सुरू झाला. मला वाटलं, एखादा बॉल मारू देतील. काठी माझ्या हातात कुणी दिलीच नाही. मॅनेजर साहेबांचे बॉल कुठंही जात होते, झाडीत, वाळूत. वैतागले. मग त्यांना सुचलं.

"ए, तू जरा पुढं जाऊन उभी राहा. तिथं, त्या झेंड्याच्या अलीकडं. जॅकेट लांबून दिसतं. मला अंदाज येईल."

तिथं काठ्यांच्या पिशव्या उचलणारा एक माणूस होता, इथलाच कुठल्या तरी गावचा. तो हळूच म्हणाला, "ताई, नका जाऊ. डोक्याला लागला तर मानूस उठत नाय."

मी थांबले. साहेबांकडं बघितलं.

"काय झालं? परमनंट व्हायचंय ना?"

मी गेले. हो, गेले. तीन वर्षांची सवय पायात होती. पाय आपोआप चालले.

आणि मग ते, पिवळ्यावर मार.

खाली बसले होते ती उठले. अंगावर गवत लागलं होतं. टाळ्या अजून चालू. साहेब दुसरा बॉल ठेवत होते. ओरडले, "हलू नकोस! एकदम बरोबर उभी आहेस!"

मी जॅकेटकडं बघितलं. ही पट्टी का चमकते? मशीनवाल्याला माणूस दिसावं म्हणून. माणूस दिसलं की त्यानं थांबावं म्हणून. त्या दादाच्या अंगात हे नव्हतं म्हणून त्याचा पाय गेला. आणि इथं मला हे घालून उभं केलंय ते मारणाऱ्याला नेम धरता यावा म्हणून.

डोक्यात काही मोठं आलं नाही. मी फक्त चेन खाली ओढली. जॅकेट काढलं. झटकलं, घडी घातली, काखेत धरलं. आणि सरळ त्यांच्याकडं चालत निघाले. बॉल ठेवला होता, काठी वर होती, तरी चालत राहिले. साहेबांना काठी खाली घ्यावी लागली.

"काय गं? कुणी बोलावलं तुला?"

"सर, हे जॅकेट लागू नये म्हणून घालतात."

"म्हणजे?"

"म्हणजे मी तिथं उभी राहणार नाही."

स्नेहा मॅडम पुढं आल्या, "अगं, गंमत होती. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

"तुम्ही उभ्या राहा मग मॅडम. जॅकेट देते."

मॅडमनी हात मागं घेतले. मोठे साहेब पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघत होते. मॅनेजर साहेबांचा चेहरा लाल. हळू आवाजात म्हणाले, फक्त मला ऐकू जाईल असं, "विसरलीस तुला कुणी उभं केलं ते."

माझ्या तोंडात थँक्यू आलं होतं. शपथ, तेव्हाही आलं होतं. मी ते गिळलं. त्याला चव होती, खारट. मी दाराकडं चालायला लागले. त्या दारात तोच माणूस उभा होता. त्यानं दार उघडलं. माझ्या कपड्यात तेव्हाही खोट नव्हती.

घरी आले तर काकी अंगणात सुकट निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणेल, नोकरी घालवलीस. ती म्हणाली, "पँट फाटली का?"

"नाही."

"मंग झाला."

आणि सुकटाचं सूप माझ्याकडं सरकवलं, तू पण निवड म्हणून.

सोमवारी मी वेळेवर गेटवर होते. दहाच्या सुमारास गाडी आली. मॅनेजर साहेब, मोठे साहेब, बरोबर दोन पाहुणे. यार्ड दाखवायचं होतं, म्हणून गेटवर उतरून चालत निघाले. चकचकीत बूट, अंगात नुसता शर्ट. आमच्याकडं चालच होती ती. साहेब लोक तसेच आत जायचे, गेटवरचा सलाम करायचा आणि नजर दुसरीकडं वळवायचा. जॅकेट फक्त आमच्यासाठी. ड्रायव्हरनं काढलं तर दंड. साहेबांना कोण म्हणणार?

मी गेटची आडवी दांडी खाली केली.

मॅनेजर साहेब दांडीला पोट लागेपर्यंत आले. "उघड."

"सर, जॅकेट, हेल्मेट, बूट."

"माझं?"

"आत जाणाऱ्या सगळ्यांचं."

मागं ट्रेलरची रांग लागली. हॉर्न सुरू झाले. एका ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं, "क्या हुआ दीदी?" मग त्याला दिसलं काय झालंय, आणि त्यानं हॉर्न बंद केला. मागच्यानंही केला. यार्डात आत मशीन मागं येत होतं, त्याची पीं पीं तेवढी ऐकू येत होती.

"काल नाटक केलंस, आज पण?" साहेब म्हणाले. "उद्या तू इथं नसशील."

"उद्याचं उद्या सर. आज मी आहे."

मी खुंटीवरची पाहुण्यांची जॅकेटं काढली आणि दांडीवर ठेवली. एकेक करून, घडी मोडून. मोठ्या साहेबांनी आधी उचललं. घातलं, चेन लावली, हेल्मेट घेतलं, बूट बदलायला बाकावर बसले. मग पाहुणे. मग मॅनेजर साहेबांना घालावंच लागलं. पोटावर चेन लागत नव्हती. मी थांबले. लागेपर्यंत थांबले. मग दांडी वर केली.

ते आत गेले. लांबूनसुद्धा दिसत होते, चारही पिवळे. मशीनवाल्यानं त्यांना बघितलं आणि मशीन थांबवलं.

परमनंटचं पुढं काही कळलेलं नाही. कळेल असं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा फोन आला, तुला सानपाड्याच्या गोदामात टाकतो म्हणाला, तिथं सावली आहे, बसायला खुर्ची आहे. मी नाही म्हणाले. तो म्हणाला, तुला बदलीचा कागद देऊ का? मी म्हणाले, दे. आणि त्यावर कारण पण लिही, की हिनं साहेबांना जॅकेट घालायला लावलं म्हणून. कागद अजून आलेला नाही. आला तर तो घेऊन कुठं जायचं, कुणाला विचारायचं, ते मी ड्रायव्हरांच्या युनियनमधल्या दोघांना विचारून ठेवलंय. आईला अजून इथं आणता आलेलं नाही. भीती गेलीय असं नाही. सकाळी जॅकेट घालताना ती अजून असते. पण आता ती माझ्या मागं उभी असते, पुढं नाही. आणि तो शब्द मी मोजून वापरते. ज्याचा आहे त्यालाच देते.

म्हणून काकी, हे तुझ्यासाठी. तुझे टाके अजून उसवलेले नाहीत. जांभूळ तिथं राहिलं नाही हे मी तुला सांगितलंय. तू म्हणालीस, "झार नसंल, जागा तं हाय ना." आहे. मी रोज बघते.

एक दिवस मी तुला या गेटातून आत नेणार आहे. पातळ तुझंच असेल, कास्टा तुझाच असेल, त्याला कुणी हात लावणार नाही. वरून जॅकेट घालायचं, कारण मशीनला तू दिसली पाहिजेस. तुझ्या पायाच्या मापाचे बूट मी शोधून आणीन. चोरून नाही, आणि कुणाच्या पाया पडून नाही. भर दिवसा, रांगेतल्या सगळ्या ट्रेलरांसमोर दांडी वर करीन, आणि तुझ्या बांधाच्या जागी तुला हवं तेवढा वेळ उभी करीन. मशीन थांबेल.

तोवर हे गेट मी सोडत नाही.